कोपऱ्यातली गोलाई

दुपार होईपर्यंत रत्नमालाचे गुडघे बोलायला लागले होते. गाडीखालून बाहेर येऊन तिनं बंपरला धरत स्वतःला उभं केलं, ओढणीनं मानेवरची धूळ पुसली आणि पुढं बघितलं. रांगेतल्या निम्म्या गाड्या अजून बाकी होत्या.

पैठण रोडला, बिडकीनच्या अलीकडं, एका बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक धावपट्टी होती. पूर्वी तिथं ट्रकच्या चाचण्या चालायच्या. आता दर डिसेंबरात शहरातलं जुन्या गाड्यांचं मंडळ ती पट्टी मागून घ्यायचं आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या शर्यती लावायचं. रविवारी शर्यत आणि आदल्या दिवशी तपासणी. ब्रेक धरतात का, स्टिअरिंग ढिलं आहे का, पेट्रोलची नळी झिरपते का, चाक डुलतंय का, असं सगळं बघायचं आणि मग काचेवर हिरवी पट्टी चिकटवायची. पट्टी नसेल तर गाडी उतरवायची नाही. ही पट्टी चिकटवायचं काम कित्येक वर्षांपासून रत्नमालाकडं होतं.

ती वाळूजच्या एका फोर्जिंग कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख होती. म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून बनवलेले सुटे भाग बघायचे आणि त्यातले नको ते बाजूला काढायचे. नोकरीची सगळी वर्षं तिनं लोकांना नाही म्हणण्यात घालवली होती. प्रॉडक्शनवाल्यांना नाही, खरेदीवाल्यांना नाही, महिनाअखेरीला गाडी भरून उभी असताना ड्रायव्हरच्या तोंडावर नाही. नाही म्हणायला सुरुवातीला जो जोर लागायचा तो आता लागत नव्हता, पण त्यानंतर जी माणसांची तोंडं बघावी लागायची त्याचा थकवा मात्र साठत चालला होता. या मंडळात ती आली ती हौसेनं. जुन्या गाड्यांचं पोलाद तिला आवडायचं. पण इथंही तिच्या वाट्याला तेच काम आलं. एखादी गाडी पास केली की ती 'आमच्या रत्नमाला मॅडम' असायची, आणि नापास केली की 'त्या बाई'.

रांगेतली पुढची गाडी तिच्या धाकट्या भावाची होती. अभय कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. जालन्याच्या एका गोदामात कोंबड्यांनी घर केलेली फियाट त्यानं उचलून आणली होती आणि सिडकोतल्या आपल्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातानं पुन्हा उभी केली होती. पत्रा, रंग, इंजिन, सगळं. या नादापायी बायकोनं त्याच्यापुढं हात टेकले होते. उद्या तो पहिल्यांदा शर्यतीत उतरणार होता.

"अक्का, माझी लवकर उरक," तो म्हणाला. "तुला तर पाठ आहे ही."

रत्नमालानं जॅकवर उचललेलं पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, मग फिरवलं. कुठंतरी बारीक खरखर आली. तिनं पुन्हा फिरवलं.

"बेअरिंगमध्ये माती गेली असेल," अभय म्हणाला.

"असेल. चाक काढ."

"अक्का."

"ड्रमपण काढ. बेअरिंगपण."

अभयनं मुकाट्यानं पाना घेतला. चाक निघालं, ड्रम निघाला, बेअरिंग ओढून काढलं आणि खालचा खुंट उघडा पडला. स्टब अ‍ॅक्सल म्हणतात तो हाच. हाताच्या अंगठ्यापेक्षा थोडा जाड, आडवा, निमुळता होत गेलेला पोलादाचा खुंट. पुढचं चाक याच्यावरच फिरतं आणि गाडीचं पुढचं सगळं ओझं असल्या दोन खुंटांवर असतं. अभयच्या गाडीतले खुंट नवे होते. कंपनीचे मिळणं कधीच बंद झालेलं, म्हणून मंडळानंच चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधून ते बनवून घेतले होते. पहिले दोन नमुने आले तेव्हा रत्नमालानं ते प्रयोगशाळेत नेऊन तपासले होते. पोलाद बरोबर, कडकपणा बरोबर, माप बरोबर. ती पास म्हणाली आणि मंडळातल्या फियाटवाल्यांनी, एकूण सहा जणांनी, ते बसवून घेतले.

तिनं खुंटाच्या तळाशी नख फिरवलं. खुंट जिथं मागच्या जाड भागाला मिळतो तो कोपरा. नख तिथं अडकलं.

तिनं पुन्हा फिरवलं. त्या कोपऱ्यात गोलाई असायला हवी होती. नमुन्यात होती, तिनं मोजली होती. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यात सगळा ताण एका रेघेवर येऊन बसतो. गोलाई असली की तो पसरतो. एवढ्याशा गोलाईवर खुंटाचं आयुष्य असतं.

पिशवीतून तिनं डब्या काढल्या. आधी खुंट पुसून त्याच्यावर लाल रंग फवारला, थोडा वेळ थांबून तो पुसून घेतला आणि वर पांढरी भुकटी फवारली. कुठं चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. ती आणि अभय दोघं उकिडवे बसून बघत राहिले. काही वेळ नुसतंच पांढरं. मग कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. हळूहळू ती खुंटाच्या पाव घेरापर्यंत पोचली.

 अभयनं रेघेला बोट लावलं, बोटाला लाल रंग लागला, आणि तो उठून बाजूला जाऊन उभा राहिला.

मंडळाचा सचिव केयूर मांडवात होता. तो आर्किटेक्ट होता, चाळिशीचा, गोड बोलणारा. शर्यतीची सगळी उठाठेव त्याचीच. रत्नमालानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की या खेपेचे खुंट ज्या ज्या गाड्यांना आहेत त्या सहाही गाड्या उद्या उतरवायच्या नाहीत.

केयूरनं आधी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मॅडम, हे तुम्हीच पास केलेत ना? मी ग्रुपवर तसंच लिहिलं होतं. रत्नमाला मॅडमनी तपासलेत म्हणून."

"मी दोन नमुने तपासले होते. हे ते नाहीत. याच्यात गोलाईच नाही."

"बाकीच्या पाच गाड्यांना चीर आहे?"

"बघावी लागेल."

बाकीच्या पाच गाड्यांची चाकं काढली गेली. लोक कुरकुरले, पण काढली. रत्नमाला एकेका गाडीपाशी जाऊन बसली, उठली, बसली. पाचही गाड्यांना तोच कापलेला कोपरा होता. लाल रेघ मात्र एकाही गाडीला आली नाही.

त्या पाचांतली एक वैजनाथ यांची. ते निवृत्त दंतवैद्य, वय सत्तरीच्या आसपास, मंडळाच्या स्थापनेपासूनचे सभासद. त्यांच्या फिक्या निळ्या फियाटवर सगळ्यांचाच जीव होता. ते खुर्ची घेऊन रत्नमालाच्या शेजारी बसले.

"रत्नमालाताई, माझ्या गाडीला रेघ नाही आली ना?"

"नाही आली."

"मग अडचण काय आहे?"

"कोपरा तोच आहे, डॉक्टर. आज नाही तर उद्या चीर पडणार."

"मला उद्याचा एकच दिवस हवाय. परवा काढून तुमच्या हातात आणून देतो. पुढच्या वर्षी डोळे मला शर्यत करू देतील असं वाटत नाही."

ते विनवणी करत नव्हते, नुसतं सांगत होते. रत्नमालाला त्यांचं म्हणणं कळत होतं, म्हणून जास्तच जड गेलं. एखाद्या दाताला बारीक तडा दिसला तर तुम्ही काय कराल, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं होतं, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी पट्टी लावणार नाही."

मांडवात बैठक झाली. बैठक कसली, केयूर आणि चार-पाच जण उभ्या उभ्याच बोलले. ज्या गाडीला चीर दिसली ती बाद, बाकीच्या पाच गाड्या मालकांच्या जबाबदारीवर उतरतील, असं ठरलं. पट्टी लावायला मंडळातलाच मोतीराम तयार झाला. त्याचं जुनं गॅरेज होतं. त्यानं पाचही गाड्यांची चाकं पुन्हा बसवून हलवून बघितली आणि घट्ट आहेत म्हणाला. घट्ट होतीच.

रत्नमालानं हिरव्या पट्ट्यांचं भेंडोळं केयूरच्या टेबलावर ठेवलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं.

"मॅडम, रागावू नका," केयूर म्हणाला.

"रागावले नाही. दमले."

तिची गाडी लावली होती तिथं जाताना वाटेत अभयची फियाट लागली. तिचं पुढचं चाक अजून खाली पडलेलं होतं आणि अभय बोनेटला टेकून उभा होता. "चल, तुला सोडते," ती म्हणाली. तो नको म्हणाला.

रविवारी ती नंदनवन कॉलनीतल्या घरी होती. नवरा राजकुमार गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. तो शाळामास्तर, फार बोलणारा नव्हे, तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "पोलिसाला सांगायचं का?" आणि ती म्हणाली, "काय सांगू? गोलाई नाही म्हणून?" त्यावर त्यानं शेंगांचं पातेलं तिच्याकडं सरकवलं. दिवसभर तिचं लक्ष फोनकडं होतं.  संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. वैजनाथ चषक उंच धरून उभे, गळ्यात हार, बाजूला त्यांची बायको उमा हसताना. पाचही गाड्या पळाल्या होत्या आणि पाचही गाड्या घरी गेल्या होत्या. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'खुंट मजबूत आहेत'. त्याला बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

थोड्या वेळानं अभयचा फोन आला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"कुणाचंच काय झालं नाय. माझीच गाडी तेवढी विटांवर."

"तुझ्याला चीर होती, अभय."

"व्हय, होती. पण तू नसतीस तर मला ती दिसलीच नसती. मीपण पळालो असतो अन् घरी आलो असतो." मग म्हणाला, "कधीतरी वाटतं, तू कुणाची बहीण आहेस का नुसती तपासनीसच."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आईच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला विहारात भेटला तेव्हाही जयभीम घालून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.

सोमवारपासून कारखाना चालूच होता. खरं सांगायचं तर रत्नमालाच्या मनात शंका यायला लागली होती. आपण फार कडक झालो आहोत का. इतकी वर्षं दोष शोधून शोधून आपल्याला जिथं नाहीत तिथंही ते दिसायला लागलेत का. तिनं केयूरला एकदा मेसेज केला की डॉक्टरांनी खुंट काढून देतो म्हटलं होतं, त्याचं काय झालं. केयूरनं हात जोडल्याची खूण पाठवली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत एका दुपारी केयूरचाच फोन आला. आवाज बदललेला होता. वैजनाथ आणि उमा पैठणहून येत होते. भाचीच्या लग्नासाठी पैठणी बघायला गेले होते, आणि ऊन छान पडलंय म्हणून निळी फियाट काढली होती. चितेगावजवळ गतिरोधकावरून गाडी हळूच उतरली आणि पुढचं डावं चाक निखळून बाजूच्या शेतात गेलं. गाडी नाकावर बसली, घसरत जाऊन रस्त्याकडेच्या कडुलिंबाला धडकली. जुन्या गाडीला सीटचे पट्टे कुठले. वैजनाथांच्या कपाळाला टाके पडले होते. उमाचं मनगट आणि खांद्याचं हाड मोडलं होतं, बरगड्यांनाही मार होता. मागून ट्रक येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून दोघं वाचली.

रत्नमाला दवाखान्यात गेली तेव्हा वैजनाथ बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. तिला बघून त्यांनी मान खाली घातली. ती आत गेली. उमा उशांना टेकून बसली होती, एक हात छातीशी बांधलेला. ती सभ्य, हळू बोलणारी बाई होती; दर वर्षी शर्यतीला डबाभर वड्या करून आणायची आणि पहिली वडी तपासणीवाल्यांना द्यायची.

"बसा," ती म्हणाली. रत्नमाला बसली.

"यांनी मला काल सांगितलं, तुम्ही त्या दिवशी नको म्हणाला होतात ते. मला तेव्हा कुणी बोललंच नव्हतं. मी त्याच गाडीत बसून घरी आले. चषक मांडीवर घेऊन."

रत्नमालानं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" उमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मग तुम्ही घरी का गेलात? मला येऊन सांगायचं. मी चावी काढून घेतली असती. माझ्या घरात माझं चालतं."

"माझ्या डोक्यात आलं नाही ते," रत्नमाला म्हणाली. हेच खरं होतं. पट्टी लावायची नाही म्हटल्यावर तिचं काम संपलं, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

"मी तुम्हाला दोष देत नाही," उमा म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. ती दोष देत होती, आणि रत्नमालाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

जाताना वैजनाथांनी तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुटका खुंट दिला.

प्रयोगशाळेत तिनं तो भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेघा होत्या, कोपऱ्यापासून सुरू होऊन आत आत गेलेल्या. प्रत्येक रेघ म्हणजे चीर थोडी पुढं सरकलेली. शेवटी पलीकडच्या कडेला थोडंसं खरबरीत, ताजं तुटलेलं पोलाद. तेवढ्यावर ते दोघं पैठणपर्यंत गेले आणि अर्ध्या वाटेपर्यंत परत आले. शर्यतीच्या आदल्या दिवशी ही चीर नव्हतीच, की होती आणि तिच्या लाल रंगाला सापडली नाही, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. तिनं बराच वेळ बघितलं, मग भिंगाचा दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती चिकलठाण्याला वर्कशॉपमध्ये गेली. मालक सोमनाथ लेथ बंद करून बाहेर आला. त्याला अपघाताचं कळलं होतं आणि तो घाबरलेला होता. तिनं नमुन्याचा खुंट आणि तुटका खुंट शेजारी शेजारी ठेवले आणि गोलाई कुठं गेली एवढंच विचारलं.

"मॅडम, आमी ड्रॉइंगप्रमाणंच काढले होते," तो म्हणाला. "पहिली खेप गोलाईसकट दिली. तर ती परत आली. बेअरिंग तळाला बसत नाय म्हणले. चाक डुलतं म्हणले."

"कोणतं बेअरिंग?"

त्यानं कपाटातून एक खोकं आणून दिलं. बाजारातलं, नाव ओळखीचं वाटावं असं छापलेलं, पण अक्षरात फरक. रत्नमालानं आतल्या कड्याच्या काठावरून बोट फिरवलं. अस्सल बेअरिंगच्या आतल्या काठाला उतार असतो, खुंटाच्या गोलाईवर नीट बसावा म्हणून. याला उतार नव्हताच. असलं बेअरिंग गोलाईवर चढून बसणार आणि डुलणार.

"म्हणजे तुम्ही बेअरिंग बदला असं नाही सांगितलं. गोलाई कापली."

"त्यांनीच सांगितलं, कोपरा साफ करून द्या म्हणून. मला वाटलं शिकलेली माणसं आहेत, मोठी माणसं आहेत, माहिती असंल त्यांना. म्या केयूर साहेबांना फोनपण केला. ते म्हणले, मॅडमनी पास केलंय, काय अडचण नाय."

"परत कुणी आणलं होतं?"

सोमनाथ थोडा घुटमळला. "दातांचे डॉक्टर. फियाटवाले. लई सज्जन माणूस. म्हणले, सगळ्यांचेच असे करून टाका, म्हणजे कुणाला तरास नको."

रत्नमाला तिथल्याच एका स्टुलावर बसली. राग कुणावर करावा ते तिला कळेना. बेअरिंग कुणीतरी नकली बनवलं, दुकानदारानं ते विकलं, डॉक्टरांनी विश्वासानं घेतलं, सोमनाथनं सांगितलं तसं कापलं, केयूरनं तिचं नाव घेतलं, आणि तिनं दोन नमुने बघून पुढच्या खेपेकडं ढुंकूनही बघितलं नाही. कुणालाच कुणाला मारायचं नव्हतं. सोमनाथनं पाण्याचा तांब्या आणून दिला. ती पाणी प्याली. त्याच्याकडं उरलेले तसले सगळे खुंट तिच्यासमोर कापून भंगारात टाकायला त्यानं लगेच होकार दिला, आणि तसं केलंही.

डॉक्टरांना तिनं हे सांगितलं नाही. सांगायचं की नाही यावर ती दोन-तीन दिवस विचार करत होती. शेवटी तिनं ठरवलं की त्यांनी विचारलं तर सांगायचं. त्यांनी विचारलं नाही. बहुधा त्यांचं त्यांना कळलं होतं.

त्या आठवड्यात अभय घरी आला. चपला काढून आत आला, राजकुमारनं दिलेला चहा घेतला आणि रिकामा कप खाली ठेवला.

"बाकीच्यांच्या गाड्या कुठंयत?" त्यानं विचारलं.

"केयूरनं ग्रुपवर टाकलंय. तिघांनी खुंट काढून पाठवले."

"अन् चौथा?"

"त्यानं गाडी विकली. सिल्लोडला. कापसाचे व्यापारी आहेत, वाहेदसेठ म्हणून. फोन केला तर बघतो म्हणाले."

"बघतो म्हणजे बघणार नाय," अभय म्हणाला. "रविवारी जाऊ. पाना-जॅक मी घेतो."

त्यानं माफी मागितली नाही आणि तिनं अपेक्षाही केली नाही.

सिल्लोडला वाहेदसेठच्या दारात मांडव घातलेला होता. आचारी कांदे कापत होते, पोरीबाळी मेंदीचे हात वर धरून फिरत होत्या. हिरवट फियाट मांडवाच्या तोंडाशी उभी होती आणि दोन माणसं तिच्यावर गुलाबाच्या माळा कशा बांधायच्या ते ठरवत होती. वाहेदसेठ साठीचे, पांढऱ्या दाढीचे, अदबशीर गृहस्थ होते. त्यांनी खुर्च्या मागवल्या, शरबत मागवलं.

"बाजी, परसों बच्ची की शादी है, रुखसती है," ते रत्नमालाला म्हणाले. "मैं ये गाडी उसीच के वास्ते लिया. परसों तक रहने देव. बाद में तुमे कुछ भी खोल के ले जाव, मैं नक्को नहीं बोलता."

रत्नमालानं पिशवीतला तुटका खुंट काढून त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांच्या गाडीचं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट बघून परत दिला.

"वो गाडी रेस में दौडी होगी. ये तो धीरे चलेगी. यहाँ से मस्जिद, बस."

"ती गाडीपण धीरेच चालली होती, सेठ."

"बाजी, मेहमान आ गए. अब गाडी खोल के रखूं तो लोगां क्या बोलेंगे."

अभयनं बोलायला तोंड उघडलं, पण रत्नमालानं त्याला हातानं थांबवलं. तिला समजावण्याचा कंटाळा आला होता, आणि कंटाळ्यामुळंच असेल, ती शांत होती. ती म्हणाली, "सेठ, तुम्ही काढू दिलं नाही तर मी परवापर्यंत इथंच बसते. गाडीत कुणी बसायला आलं तर त्याला हे दाखवते. नाहीतर असं करा, तुमच्या घरच्यांना बोलवा. मुलीच्या आईशी मला बोलू द्या."

 वाहेदसेठ उठून आत गेले. आतून बायकांचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघी-तिघींचा. थोड्या वेळानं मुलीची आई, एक ठेंगणी बाई, पदर सावरत दारात आली, रत्नमालाच्या हातातला तुकडा तिनं दोन बोटांनी धरून बघितला, परत दिला, आणि माळा बांधणाऱ्या माणसांना म्हणाली, "उतारो सब. फूलां इनोवा पे लगाव."

अभयनं चाकं काढली. रत्नमाला मांडवाच्या सावलीत गोधडीवर बसली आणि दोन्ही खुंटांवर लाल रंग, मग पांढरी भुकटी फवारली. चार-पाच पाहुणे भोवती जमले. बराच वेळ सगळे वाट बघत राहिले. पांढऱ्यावर काहीच आलं नाही.

"कुछ नहीं निकला ना, बाजी?" वाहेदसेठ म्हणाले.

"नहीं निकला."

"तो भी लेके जाते?"

"हां. लेके जाते."

त्यांनी मान हलवली. पटलं होतं की नाही कळलं नाही. गाडी ढकलून गोदामात नेली गेली, विटांवर चढवली गेली. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून त्या बाईनं दोघांना बसवून घेतलं. रत्नमालाला भूक नव्हती, पण ताट समोर आल्यावर ती जेवली.

परतताना फुलंब्री मागं पडली. मग अभय म्हणाला, "माझ्या गाडीचे खुंट कुठून आणायचे?"

"कारखान्यात विचारते. ठोकून घेता आले तर बघू. त्याचा साचा बनवावा लागंल, वेळ लागंल."

"लागू दे. घाई नाय." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "केयूरचा फोन आला होता म्हणं. पुढच्या वर्षी तपासणी तूच बघायची म्हणतो."

"आला होता."

"काय म्हणलीस?"

"अजून काय म्हणले नाय."

अभयनं पुढचा ट्रक जाऊ दिला आणि मग गाडी बाहेर काढली. मागच्या सीटवर खुंट एकमेकांवर घासून वाजत होते. त्यानं एका हातानं आरशाखालचं फडकं ओढून मागं टाकलं, पण ते नीट पडलं नाही, आणि आवाज येतच राहिला. रत्नमालानं सीट मागं केली, ओढणी तोंडावर घेतली. शहर यायच्या आत तिला झोप लागली.